स्कॅन केलेला कागद कोण वाचणार?

शासकीय कामकाजातून कागद कमी व्हावा, असे आपण गेली पंचवीस वर्षे म्हणत आलो आहोत. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला, माहितीचा अधिकार २००५ साली आला, आणि त्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय मंत्रालयांतून ई-ऑफिसची सुरुवात झाली. आज दिल्लीतील अनेक कार्यालयांत फितीने बांधलेली नस्ती टेबलावर दिसत नाही. ती संगणकाच्या पडद्यावर उघडते. ही प्रगती खरी आहे. पण पडद्यावरच्या या नस्तीच्या पोटात काय असते, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. टिप्पणीची बाजू बहुधा टंकलिखित असते. पत्रव्यवहाराच्या बाजूला मात्र बाहेरून आलेली पत्रे, आदेश, विवरणपत्रे, न्यायालयांचे निकाल, जुन्या मंजुऱ्या असे सारे काही स्कॅन करून ठेवलेले असते. म्हणजे तिथे मजकूर नसतो, मजकुराचे छायाचित्र असते.

डोळस माणसाला हा फरक जाणवत नाही. चित्रातला ‘मंजूर’ आणि अक्षरांतला ‘मंजूर’ त्याला सारखाच दिसतो. फार तर एखादा शब्द शोधताना सापडत नाही, किंवा परिपत्रकातील परिच्छेद टिप्पणीत उतरवताना पुन्हा टंकावा लागतो, तेव्हा तो थोडा कुरकुरतो. पण ज्याला दिसत नाही आणि जो स्क्रीन रीडर नावाच्या आज्ञावलीच्या आधाराने संगणक वापरतो, त्याची गोष्ट वेगळी आहे. स्क्रीन रीडर पडद्यावरची अक्षरे बोलून दाखवतो. चित्रातली अक्षरे त्याच्या लेखी अक्षरेच नसतात. चाळीस पानांचा अहवाल उघडावा आणि ‘पान रिकामे आहे’ एवढेच ऐकू यावे, हा अनुभव आपल्या देशातील दृष्टिहीन कर्मचाऱ्यांना नवा नाही.

हे चित्र तयार कसे होते, तेही पाहण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक कारकून संगणकावर पत्र टंकतो. त्या क्षणी ते पत्र पूर्णपणे अक्षररूप असते. कोणताही स्क्रीन रीडर ते घडाघडा वाचेल. मग ते छापले जाते. त्यावर शाईची सही होते, गोल शिक्का बसतो, जावक क्रमांक हाताने लिहिला जातो. नंतर ते स्कॅन होऊन ई-मेलने निघते. आमच्याकडे आल्यावर पुष्कळदा त्याची पुन्हा छापील प्रत काढली जाते, तिच्यावर आवक शिक्का मारला जातो आणि ती पुन्हा स्कॅन होऊन नस्तीत जाते. दोनदा छापलेले आणि दोनदा स्कॅन केलेले हे पत्र वाकडे, फिकट आणि शिक्क्यांनी माखलेले असते. जन्मतः जी अक्षरे होती त्यांचे चित्र आपणच, पगार घेऊन, परिश्रमपूर्वक केलेले असते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, आणि त्यांपैकी सुमारे ५० लाखांना दृष्टिदोष होता. १९९५ च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आरक्षण आले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींचे अधिकार कायद्याने ते पुढे चालू ठेवले. राजेश सिंह यांनी २००६ ची नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण होऊनही नियुक्तीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. २०२० साली ते झारखंडमधील बोकारोचे उपायुक्त झाले. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१९ साली तिरुअनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी ती बातमी अभिमानाने छापली. अभिमान योग्यच होता. मात्र रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी त्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर जी नस्ती येते ती त्याने कशी वाचायची, याची बातमी होत नाही.

याचे उत्तर आज बव्हंशी ‘अक्षर-ओळख’ असे आहे. इंग्रजीत तिला ओसीआर म्हणतात व कार्यालयांतही तोच शब्द रुळला आहे. चित्रातील काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या आकारांवरून ते कोणते अक्षर असावे हे यंत्राने ताडायचे, अशी ही विद्या. तिचा अंधांशी संबंध जुना आहे. अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी १९७६ साली छापील पुस्तक वाचून दाखवणारे यंत्र लोकांसमोर आणले, ते अंधांसाठीच. पुढे ही विद्या बँकांनी, टपाल खात्यांनी आणि ग्रंथालयांनी उचलली. अलीकडच्या काळातील बदल असा की, ती स्क्रीन रीडरच्या आतच येऊन बसली. जॉज या व्यापारी आज्ञावलीत २०११ पासून ही सोय आहे. एनव्हीडीए ही मोफत आज्ञावली २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी लिहायला घेतली. तिच्यात २०१७ पासून विंडोजमधील अंगभूत अक्षर-ओळख वापरता येते. दोन कळी एकदम दाबल्या की समोरच्या चित्रातील मजकूर ओळखला जातो आणि बाणांच्या कळींनी ओळीओळीने ऐकता येतो.

माझ्यासोबत काही वर्षे काम केलेले एक दृष्टिहीन सेक्शन ऑफिसर आहेत, मूळचे विदर्भातले. त्यांचे काम जवळून पाहिल्यामुळे ही सोय किती मोलाची आहे हे मला ठाऊक आहे. पूर्वी प्रत्येक स्कॅन केलेल्या पत्रासाठी त्यांना शेजारच्या टेबलावरील कोणाला तरी थांबवावे लागे. गोपनीय अहवाल असला तरी तो तिसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. आता पत्र आले की ते स्वतः ओळख चालवतात, विषय ऐकतात, आणि पत्र आपल्या शाखेचे नसेल तर परतही पाठवतात. शाखेतील टपाल पाहणे हे सेक्शन ऑफिसरचे पहिले काम, आणि ते त्यांना कोणाच्याही मदतीविना करता येऊ लागले. वरून पाहणाऱ्याला हा बदल लहान वाटेल. ज्याने रोज दहादा ‘जरा हे वाचून दाखवता का’ असे म्हटले आहे, त्याला तो लहान वाटत नाही.

तरीही या सोयीच्या मर्यादा प्रशासनाने नीट समजून घेतल्या पाहिजेत. कारण ‘आता यंत्र वाचते ना’ असे म्हणून हात झटकण्याची वृत्ती मला दिसू लागली आहे.

पहिली अडचण जतन करण्याची. एनव्हीडीएमधील ओळख पडद्यावर त्या वेळी जे दिसते तेवढ्यावरच चालते. तिचा निकाल तात्पुरत्या खिडकीत येतो आणि ‘एस्केप’ची कळ दाबली की नाहीसा होतो. ठेवायचा असेल तर तो निवडून, नकलून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवावा लागतो. पुढचे पान आणून पुन्हा तेच. चाळीस पाने म्हणजे चाळीस वेळा. जॉजमध्ये अख्खी फाइल एकदम ओळखून वेगळ्या दस्तऐवजात उघडता येते, पण त्या आज्ञावलीची किंमत सामान्य नोकरदाराच्या खिशाला जड आहे. यावर एक साधा उपाय आहे: स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये चित्राच्या मागे ओळखलेल्या मजकुराचा अदृश्य थर कायमचा बसवून फाइल जतन करायची. दिसते तेच जुने चित्र, सही-शिक्क्यांसकट. पण शोध घेतला तर शब्द सापडतो आणि स्क्रीन रीडर तो वाचतो. हे करणारी साधने मोफत आहेत, ती इंटरनेटशिवाय चालतात आणि रात्रभरात शेकडो फाइली हातावेगळ्या करतात. इंटरनेटशिवाय, हा मुद्दा मी मुद्दाम मांडतो आहे. वेळेअभावी शासकीय कागद कुठल्याशा परदेशी संकेतस्थळावर चढवून ‘फुकटात’ मजकूर करून घेणारे डोळस कर्मचारीही मी पाहिले आहेत. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून जागेवर आहे, याची त्यांना कोणीतरी आठवण करून द्यायला हवी.

पण ही साधने चालवायची कोणी? आज ती चालवतो तो वाचणारा, स्वतःच्या संगणकावर, स्वतःपुरती. सेवाविषयक एखादे परिपत्रक चित्ररूपात निघाले तर देशभरातील प्रत्येक दृष्टिहीन कर्मचारी ते आपापल्या जागी ओळखून, चुका दुरुस्त करून, आपापल्या फोल्डरमध्ये ठेवतो. पुस्तकांच्या बाबतीत आपण यापेक्षा शहाणपणाने वागलो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून अपंगांसाठी वाचनसुलभ प्रती काढण्याची मुभा दिली. त्याच विषयावरचा २०१३ चा माराकेश करार अनुसमर्थित करणारा पहिला देश भारत, २०१४ साली. आणि २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले, जिथे एकाने तयार केलेली प्रत दुसऱ्याला मिळते. कादंबरीला जे भाग्य लाभले ते शासनाच्या स्वतःच्या आदेशांना मिळालेले नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: यंत्र वाचते तेव्हा ते अंदाज करत असते. स्वच्छ छापील इंग्रजी पानावर अंदाज फारसा चुकत नाही. पण आमच्याकडचे पान स्वच्छ नसते, आणि जिथे चूक होते ती जागाही नेमकी महत्त्वाची असते. रुपयाचे नवे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले. अक्षर-ओळखीच्या पुष्कळ यंत्रणा ते अंक समजून बसतात, कधी ७ तर कधी २. पंचेचाळीस हजारांची मागणी मग सात लाख पंचेचाळीस हजारांची होते. स्वल्पविराम भलत्याच जागी पडलेला पाहून डोळस माणसाला संशय येईल; ऐकणाऱ्याला स्वल्पविरामाची जागा ऐकू येत नाही. तक्त्यांचे तर विचारूच नका. मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे असे तीन रकाने असले आणि मधला रकाना एका ओळीत कोरा असला, तर पुढचा आकडा सरकून मागच्या रकान्यात येतो आणि भरलेली पदे रिक्त होतात. शिक्का पडलेली ओळ गायब होते. खोडलेला मजकूर कधी खोडला गेल्याचे कळत नाही, तर कधी नुसते चिन्हांचे कडबोळे होते.

आणि हस्ताक्षर? भारतीय प्रशासनात खरा निर्णय कित्येकदा समासात, तिरक्या ओळीत, हिरव्या किंवा लाल शाईने लिहिलेला असतो. वर उल्लेखिलेले अधिकारी मला एकदा म्हणाले होते, “सर, मशीन मला पान वाचून दाखवते. समासात साहेबांनी काय लिहिलंय ते मात्र अजून कुणाला तरी विचारावंच लागतं.” त्यांच्या टिप्पणीखाली सही त्यांची असते. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर ‘यंत्राने सात ऐकवले’ हे उत्तर कोणी ग्राह्य धरणार नाही. दृष्टिहीन अधिकाऱ्याला जबाबदारी पूर्ण द्यायची आणि कागद अंदाजाने वाचायला लावायचा, हा व्यवहार न्याय्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या लिपीकडे वळलो की अडचण आणखी वाढते. १९६३ च्या राजभाषा कायद्याच्या कलम ३(३) नुसार केंद्राचे सर्वसाधारण आदेश, अधिसूचना, ठराव हिंदी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत निघतात. एकाच फाइलमध्ये आधी हिंदी पाने, मग इंग्रजी. इंग्रजी ओळखायला बसवलेल्या यंत्राला हिंदी पान म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांचा पाऊस. विंडोजच्या अंगभूत ओळखीत देवनागरी दीर्घकाळ नव्हतीच. टेसरॅक्ट ही मुळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत घडलेली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली झालेली यंत्रणा देवनागरी ओळखते, तिच्यात मराठीची वेगळी सोयही आहे. पण भ आणि म, घ आणि ध, ख आणि ‘रव’ यांच्यात तिची गल्लत होऊ शकते, आणि पान फिकट असेल तर होतेच. मराठी वळणाचा ल आणि श, आणि दक्षिणोत्तर वेगळी वळणे घेणारे ५ आणि ८ हे अंक, हा आणखी एक त्रास. या अंकांना प्रशासनात पर्याय नाही. सर्वे नंबर अंदाजाने वाचता येत नाही.

याहून विचित्र प्रकार जुन्या फाँटांचा. युनिकोड रुळण्यापूर्वी कृतिदेव, सुशा, श्रीलिपी अशा फाँटांत लाखो पाने टंकली गेली. त्यांच्या पीडीएफ फाइली चित्ररूप नाहीत. आत अक्षरे आहेत. पण ती अक्षरे रोमन संकेतांची, वर देवनागरीचा केवळ मुखवटा. डोळ्यांना ‘शासन निर्णय’ दिसते आणि स्क्रीन रीडर कसलेतरी इंग्रजी व्यंजनांचे बरळणे ऐकवतो. अशा वेळी त्या फाइलचे चित्र मानून त्यावरच अक्षर-ओळख चालवावी लागते. संगणकावर टंकलेल्या मजकुरापेक्षा त्याचा फोटो अधिक वाचनीय ठरावा, ही वेळ आपल्या प्रमाणीकरणाच्या आळसाने आणली आहे. या विषयावर त्या काळी पोटतिडकीने बोलणारे लोक होते. त्यांना आपण हट्टी म्हणून बाजूला सारले.

या पानाचे अनेक वाचक महाराष्ट्राबाहेर राहतात, आणि गावाकडचे कागद त्यांच्याकडे बहुधा मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांच्या रूपाने येतात: सातबारा, फेरफार, वारसनोंद, सोसायटीचे पत्र. घरात कोणाची दृष्टी अधू झाली असेल, तर हा प्रश्न केवळ शासकीय कर्मचाऱ्यांचा नाही हे त्यांना सांगायला नको. छापील सातबारा यंत्र बऱ्यापैकी वाचेल. हाताने लिहिलेला जुना फेरफार ते वाचणार नाही, आणि मोडीतला कागद तर नाहीच.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधने आली आहेत. २०२३ नंतर ती झपाट्याने अंधांच्या मोबाइलवर पोहोचली. चित्र दाखवले की ती मजकूर वाचतात, तक्ता समजावून सांगतात, हस्ताक्षरही पुष्कळदा लावतात. माझ्या सहकाऱ्यांना त्यांचा मोठा उपयोग होतो. मात्र इथे एक नवा धोका आहे. जुनी ओळख चुकली की कचरा ऐकू येई आणि कचरा आहे हे कळे. नवे साधन अडखळले की ते रिकाम्या जागी शोभेल असा शब्द बसवून सफाईदार वाक्य ऐकवू शकते. ऐकणाऱ्याला संशय घ्यायला जागाच उरत नाही. आदेशातील ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ही दोन्ही रूपे व्याकरणदृष्ट्या सारखीच सफाईदार असतात.

कायद्याची बाजू पाहू. २०१६ च्या कायद्याचे कलम ४२ दृक्-श्राव्य, छापील व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात असावा यासाठी शासनाने उपाय योजावेत असे सांगते. कलम २० शासकीय आस्थापनांवर अपंग कर्मचाऱ्यांसाठी वाजवी सोय करण्याचे बंधन घालते. त्याखालील २०१७ च्या नियमांतील नियम १५ मध्ये संकेतस्थळांवरचे दस्तऐवज ‘ई-पब’ किंवा ‘ओसीआर-आधारित पीडीएफ’ स्वरूपात असावेत असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण असे की, कायद्याला बंधनकारक मानके अभिप्रेत असताना नियमाने केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वे पुढे केली होती. बंधनकारक मानके ठरवण्यासाठी न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत दिली. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला गेला.

न्यायालयाचे कारण योग्य आहे, पण मला त्या नियमाच्या शब्दांबद्दलही थोडे बोलायचे आहे. ‘ओसीआर-आधारित पीडीएफ’ हे शब्द वाचले की असे वाटते, जणू चित्र काढणे ही निसर्गाची योजना आहे आणि त्यावर ओळख चालवली की कर्तव्य पार पडले. जो दस्तऐवज संगणकावरच जन्मला त्याला ओसीआरची गरज का पडावी? आणि ओळखलेला मजकूर कोणी तपासला की नाही, यावर ते शब्द मौन पाळतात. बंधनकारक मानकांत हा भेद असलाच पाहिजे: जुना कागद आणि नवा कागद. जुन्या कागदाला अक्षर-ओळखीवाचून गत्यंतर नाही. नव्या कागदाला तिची गरज पडणे हाच दोष आहे.

मग नवा कागद चित्ररूपात का निघतो? मी अनेकांना विचारले. बहुतेकांचे उत्तर एकच: “मजकुराची फाइल पाठवली तर कोणी बदल करील.” ही समजूत साफ चुकीची आहे. चित्रातही बदल करता येतो, आणि तो करणाऱ्यांचा बाजार किती मोठा आहे हे बनावट गुणपत्रिका पाहणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला विचारावे. बदल झाला की नाही हे खात्रीने सांगते ती डिजिटल स्वाक्षरी. २००० च्या कायद्याने तिला शाईच्या सहीइतकीच मान्यता दिली आहे. दुसरे कारण कोणी उघड सांगत नाही, ते सवयीचे आहे. शिक्का दिसला नाही तर आदेश आदेशासारखा वाटत नाही. तिसरे कारण अगदी किरकोळ: साहेबांच्या डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपलेली असते आणि ती नवी करून घेण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. जो निर्णय घेतो त्याच्यावर त्या निर्णयाचा खर्च पडत नाही. कारखान्याचा धूर जसा शेजाऱ्याच्या छातीत जातो, तसा स्कॅनचा खर्च वाचणाऱ्याच्या वेळात जातो. समजा, एका परिपत्रकाची मूळ फाइल शोधून चढवण्यात शाखेची दोन मिनिटे जाणार होती, ती स्कॅन चढवल्याने वाचली. ते परिपत्रक पाचशे कार्यालयांत गेले आणि प्रत्येक ठिकाणी एकाने त्यातील परिच्छेद पुन्हा टंकण्यात किंवा ओळखून घेण्यात दहा मिनिटे घालवली, तर त्र्याऐंशी तास गेले. हे पाचशे जण सगळे दृष्टिहीन नाहीत. बहुतेक डोळसच आहेत. उताराच्या वाटेवरून चाकांची खुर्ची जाते तशी सामानाची हातगाडीही जाते. तरीही या त्र्याऐंशी तासांचा हिशेब कोणत्याच खात्यात पडत नाही, म्हणून तो कोणी मागत नाही.

करायचे काय, ते अवघड नाही. जावक पत्राची मूळ मजकुरातून तयार केलेली पीडीएफच पाठवावी. शाईची सही अपरिहार्य असेल तर स्कॅन सोबत जोडावा, त्याच्या जागी नव्हे. आवक शाखेने स्कॅन करतानाच भाषा निवडून अक्षर-ओळख चालवावी व मजकुराचा थर फाइलमध्येच जतन करावा, म्हणजे पुढे दहा टेबलांवर दहा जणांना ते करावे लागणार नाही. अशा थरावर ‘यंत्राने ओळखलेला, न तपासलेला’ अशी खूण असावी. रक्कम, दिनांक, पदसंख्या आणि आदेशाचा अंतिम परिच्छेद एवढे तरी माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहावे. समासातील हस्तलिखित शेरे त्याच दिवशी टिप्पणीत टंकले जावेत. ही सूचना जुन्या कार्यपद्धतीतील शिस्तीलाही धरूनच आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(क) अभिलेख सूचीबद्ध, अनुक्रमित आणि शक्य तिथे संगणकीकृत करायला सांगते. छायाचित्रांच्या ढिगाची सूची होते, अनुक्रमणिका होत नाही.

जुन्या अभिलेखांचे काम मोठे आहे आणि त्याला पैसे लागतील. सगळे एकदम करण्याचा आग्रह मी धरणार नाही. ज्या कागदांचा आधार आजही रोज घेतला जातो, तिथून सुरुवात करावी. आमच्या शाखेत त्या सेक्शन ऑफिसरांकडूनच यादी मागवली. त्यांना वारंवार लागणारी अकरा जुनी परिपत्रके निघाली, काही टंकयंत्राच्या काळातली. दोन लघुलेखक दुपारच्या सवडीत त्यांचा ओळखलेला मजकूर मुळाशी ताडून दुरुस्त करतात आणि सर्वांसाठी असलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात. तीन पूर्ण झाली आहेत. चौथ्यात वेतनश्रेणींचे सहा पानी तक्ते आहेत आणि त्यांचे रकाने अजून जुळत नाहीत.